दार लावू नका

मी भूत मानत नाही. कधी मानलंच नाही. आयुष्यभर सुतारकी केली, आणि सुतारकीत माणसाला अशा अशा घरांत जावं लागते की भित्रा असतो तर उपाशीच मेलो असतो. आतून कडी लावून कोणी जीव दिला की लोक मलाच बोलवायचे — मिस्त्री, दार काढा. काढायचो. घरी येऊन हात धुवायचो, जेवायचो. झोप लागायची.

या ग्रुपवर तुम्ही लोक जे अनुभव टाकता ते माझी सून शिल्पा मला वाचून दाखवते. मी हसायचो. अर्धी भुतं तर दार आपोआप उघडल्याची असतात. अरे, बिजागरी सैल झाली की दार उघडणारच… तेल टाका, स्क्रू आवळा, भूत गेलं! असं मी म्हणायचो. आता माझीच पाळी आली, आणि गोष्ट नेमकी दाराचीच आहे.

मी चौथी शिकलो. कागदावर लिहितो, सून मोबाईलवर टाइप करते. ‘मले’चं ‘मला’ तीच करते. बाकी काही बदलायचं नाही असं ठरलं आहे. कारण यात मी तिच्याशी कसा वागलो तेही येते, आणि ते तिलाच टाइप करायचं आहे. लाज वाटते. पण लिहितो.

आम्ही प्रताप नगरात राहतो. मुलगा नोकरीवर जातो, मी गच्चीवर शेड टाकून बसतो. गुडघे गेल्यापासून कामावर जाणं बंद झालं होतं. दिवसभर बसून मी घरच्यांचं डोकं खायचो, हे मलाही माहीत आहे. मग शिल्पानं एक दिवस भंगारातून एक जुनी खिडकी आणली आणि म्हणाली, “बाबा, हिच्यात आरसा बसवून द्या.”

मी म्हटलं, “खिडकीत आरसा? लोकं बाहेर पाहाले खिडकी लावतात, का आपलं थोबाड पाहाले?”

“तुम्ही बसवून तर द्या.”

बसवला. तिनं वरून रंग दिला, पल्ल्यांवर, म्हणजे झडपांवर, चित्रं काढली. हस्तकलेच्या मेळ्यात नेली तर सकाळीच विकली गेली. तेव्हापासून आमचं हेच सुरू आहे. जुनी घरं पडतात तिथून मी दारं-खिडक्या आणतो. घासतो, जोडतो. कोणाचा आरसा होतो, कोणाची चाव्या टांगायची फळी, कोणाचा चहाचा टेबल. ती रंगवते आणि मेळ्यांत विकते. स्टॉलवर मी इस्त्रीचा शर्ट घालून बसतो. “काका, हे तुम्ही बनवलं?” असं कोणी विचारलं की मान ताठ होते. खोटं काहून बोलू.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. पारशिवनीला एक घर पाडून राहिले असं कळलं म्हणून टेम्पो घेऊन गेलो. रस्त्याला लागून दोन खोल्यांचं साधं घर. मालकाचं नाव दिनेश, तरणा माणूस, मागे स्लॅबचं नवीन घर बांधून झालं होतं. जुन्या घराचं एकच दार माझ्या कामाचं निघालं. एका पल्ल्याचं, सागवानी, चौकटीसकट. बाहेरची बाजू पावसानं खाल्ली होती, आतली मात्र अशी की हात फिरवत राहावं.

एक गोष्ट तेव्हाच नजरेत आली होती. कडी रोज वापरली की लाकडावर तिचा अर्धगोल ओरखडा पडतो, चंद्रकोरीसारखा. जुन्या दाराचं वय मी त्याच्यावरून सांगतो. या दारावर ओरखडाच नव्हता! कडी जशी दुकानातून आणली तशी, आणि चौकटीवरच्या कोयंड्याचं भोक रंगानं बुजलेलं. मी मनात म्हटलं, चला, कोरी कडी मिळाली. त्याच्यापुढे डोकं चाललं नाही.

आम्ही दार टेम्पोत चढवत होतो तर कडुनिंबाखाली खाटेवर एक म्हातारी बसलेली होती. दिनेशची काकी, गिरजामावशी. जुन्या घरात तीच राहायची. उठून आली, दारावर हात ठेवला आणि मला म्हणाली, “भाऊ, दार लावू नका बरं.”

आता आमच्या धंद्यात दार लावणं म्हणजे चौकटीत बसवणं. चाळीत दारं लावली, शाळेत दारं लावली, असंच आम्ही बोलतो. मला वाटलं, आपलं दार दुसऱ्याच्या घराला बसू नये असं म्हातारीचं म्हणणं आहे. मी हसलो. म्हटलं, “नाही लावत मावशी. दारं लावायचं सोडलं म्या आता. याचा शोपीस बनवतो, शोपीस!”

ती काही समजली नाही. पुन्हा म्हणाली, “लावू नका जी.”

“अवं हो, सांगतलं नं एकदा.” आणि मी टेम्पोत बसलो.

गच्चीवर दार आलं तेव्हा मी ठरवलं, याला कापायचं नाही. अख्खं दार चौकटीसकट उभं करायचं, बंगलेवाले लोक दिवाणखान्यात ठेवतात तसं. बाहेरची बाजू खराब होती म्हणून ती मागे केली. आतली चांगली बाजू समोर. कडी-कोयंडा त्याच बाजूला होता, कोयंड्याचं भोक मोकळं केलं, कडी लावली, आणि त्याच्यात एक पितळी कुलूप अडकवलं. जुनं, वजनदार, घासून सोन्यासारखं केलेलं. शिल्पा म्हणाली, “बाबा, कुलूप कशाला? उघडं ठेवू ना थोडं, मागं मी आभाळ रंगवते.”

मी म्हटलं, “दाराचं मले नको शिकवू.”

कुलपाची चावी एकच होती. ती मी कमरेच्या करदोड्याला बांधली.

मेळा मोठ्या मैदानावर होता, रांगेनं स्टॉल. आमच्या मागे पत्र्याचं कंपाउंड, इतकं चिकटून की मध्ये हात जाईल, माणूस नाही जाणार. बाजूला गोविंदभाऊ, भंडाऱ्याकडचा, कोशाच्या रेशमी साड्यांवाला. गप्पिष्ट माणूस. दार मी मागच्या बाजूला मधोमध उभं केलं. त्याच्या पुढ्यात आम्ही बसायचो.

पहिल्या दिवशी चांगलं गेलं. लोक दारापुढे फोटो काढत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टॉलचा पडदा वर केला, तर कडी खाली लोंबत होती.

कुलूप निघालं असेल म्हणून पाहिलं… तर कुलूप जागच्या जागी! कोयंड्यात, बंद. ज्याला दाराचं कळते त्याला हे सांगायची गरज नाही, पण बाकीच्यांसाठी सांगतो. कडी कोयंड्यावर बसते आणि तिच्या वरून कुलूप कोयंड्यात जाते. कुलूप उघडल्याशिवाय कडी निघूच शकत नाही. बोटातली अंगठी न काढता तिच्या खालचा धागा सोडवून दाखवा, तसं ते झालं.

मी काही भ्यालो नाही. मला राग आला. वाटलं, कोणी तरी चावी घेऊन कुलूप उघडलं, कडी काढली आणि परत नुसतं कुलूप लावलं. हे कोण करणार? जिला दार उघडं पाहिजे होतं ती. कुलूप उघडून कडी पुन्हा लावली.

दुपारी गर्दी होती. एक बाई आरशाचा भाव विचारत होती, मी तिच्याकडे वळलो, परत वळलो तर कडी खाली. कुलूप बंद. शिल्पा दारापाशीच उभी, कोणाला तरी दार दाखवत.

माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर तिला म्हटलं, “तुले समजत नाही का? म्या केलेल्या कामाले हात लावतेस काहून?”

“मी नाही लावला, बाबा.”

“मंग कोनं लावला? त्या पितळी कुलपानं? तुह्यासारख्या क्वार्टरात वाढलेल्याले दाराची काय किंमत असनार! सरकारी दार, तुटलं का दुसरं.”

तिचे वडील खापरखेड्याच्या वीज केंद्रात होते, क्वार्टरात राहून पोरी शिकवल्या त्या माणसानं. आणि मी त्याचं असं काढलं, चार परक्या माणसांसमोर, ज्या स्टॉलवर मी तिच्याच जोरावर मान ताठ करून बसत होतो तिथं.

ती रडली नाही. हळूच म्हणाली, “बाबा, चावी तुमच्या कमरेला आहे.”

गिऱ्हाईकं हसली. मी करदोड्याला हात लावला. चावी तिथंच होती, गाठ तशीच. मला तेव्हाच माफी मागता आली असती. पण मी म्हटलं, “जाय, जेवून ये.” ती डबा न घेताच गेली.

गर्दी ओसरली. ऊन तापलं होतं, स्टॉलचे पडदे पाडून लोक जेवत होते. मी कडी पुन्हा लावली, या खेपेला स्वतः, डोळ्यांसमोर, आणि कुलूप ओढून पाहिलं. मग दाराला पाठ करून बसलो.

मागून ठोकल्याचा आवाज आला.

हातोडीसारखा नाही. बोटाच्या हाडानं ठोकतात तसा. घरचा माणूस ठोकतो तसा. मला वाटलं, मघाचा तमाशा पाहून कोणी पोट्टे मजा घेऊन राहिले. मी बसूनच राहिलो. पुन्हा ठोकलं. आणि दाराच्या मागून एक आवाज आला, तरण्या पोराचा, घाईतला, जरासा दमलेला…

“आई, दार काहून लावलं वं?”

आता हे लिहिताना अंगावर काटा येतो. तेव्हा नाही आला. तेव्हा मला फक्त राग होता. सुनेवरचा उरलेला राग. मी वळलोही नाही. म्हटलं, “तुही आई नाही इथं! चाल, निघ इथून!”

मग आवाज आला — सायकलचं स्टँड पायानं वर घेतलं की होतो तो. खट्ट. बस.

बाजूचा पडदा बाजूला सारून गोविंदभाऊ डोकावला. हातात भाकर तशीच. “काका, कोनाले हाकलून राहिले?”

“तू ऐकलं?”

“ठोकलेलं ऐकलं. तुमचं ओरडनं ऐकलं. पत्रा ठोकून राहिलं का कोनी?”

म्हणजे बोललेलं फक्त मला ऐकू आलं. मी उठलो, दाराच्या मागे वाकून पाहिलं. दाराची पावसानं खाल्लेली बाजू आणि त्याला टेकलेला पत्रा. मध्ये मांजर नाही मावणार. परत समोर आलो तर कडी खाली लोंबत होती आणि हलत होती. कुलूप बंद.

तेव्हा मला ते सुचलं. मी आतली बाजू समोर केली होती. म्हणजे आम्ही स्टॉलमध्ये बसलो होतो ते घराच्या आत. आणि मागे, जिकडून तो ठोकत होता, तो रस्ता.

मी दारावर चादर टाकली. शिल्पा आली तर तिला एवढंच म्हटलं, हे विकायचं नाही. का, ते सांगितलं नाही. काय सांगणार? भूत हसण्यावारी नेणारा माणूस मी. घरीही आमचं बोलणं ‘भाजी वाढू का’ आणि ‘नको’ एवढ्यावर आलं. मुलगा विचारे काय झालं, ती म्हणे काही नाही. तिनं त्याला माझं सांगितलं नाही, हे मला जास्त लागलं.

मेळा संपल्यावर मी घरी न सांगता बसनं पारशिवनीला गेलो. दिनेश नव्या घराच्या ओट्यावर बसला होता. मी उगाच इकडचं तिकडचं बोललो, मग विचारलं, “काहून गा, ते दार… त्याले कडी कधी लावतच नव्हते का?”

तो हसला. “काकीचं दार? कोनाची हिंमत होती लावाची! सुधाकरदादा गेला नं, तिचा पोरगा. मी तवा झालोही नव्हतो. जेवून उठला, म्हने सायकलचं पंक्चर काढून आनतो, आई, दार लावू नको, आलोच. गेला तो गेला. तवापासून काकीनं दार लावलं नाही. थंडीतही लोटून झोपे. चोर येतीन म्हटलं तर म्हने येऊ दे. तुमाले तिनं सांगतलं होतं नं, लावू नका म्हनून?”

“ते मले वाटलं… बसवू नका म्हन्ते.”

“बसवू नका काहून म्हनन? बंद करू नका म्हने ती!” आणि तो आणखी हसला. “तुम्ही काका दारवाले ना?”

सारी जिंदगी दारात गेली माझी. आणि एका आईनं दार लावू नका म्हटलं त्याचा अर्थ मला समजला नाही. घरातल्या कुठल्याही लेकराला समजलं असतं.

मावशी मागच्या खोलीत होती. नवीन खोली, गुळगुळीत फरशी, लोखंडी दार. मी जमिनीवर बसलो आणि सांगितलं. दाराला मागून कोणी ठोकलं, आणि काय म्हणालं. ते शब्द मी जसेच्या तसे सांगितले.

तिनं मान त्या लोखंडी दाराकडे वळवली. मग म्हणाली, “मंग तुमी काय म्हनलं त्याले?”

मी म्हटलं, “म्हटलं… थांब, उघडतो.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. डोळ्यात मोतीबिंदू, पण पाहिलं. म्हणाली, “मंग आला काहून नाही?”

मी माझी लाज झाकायला खोटं बोललो, आणि त्या बाईच्या डोक्यात नवीन घोर घातला — उघडतो म्हटलं तरी पोरगा थांबला नाही. आईवर एवढा रागावला का. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

मी म्हटलं, “मावशी, खोटं बोललो. मी त्याले हाकललं. तुही आई इथं नाही म्हटलं. निघ म्हटलं.”

मान खाली घालून बसलो. ती शिव्या देईल, काठी घालेल, जे काय असेल ते.

“हाकललं म्हनून गेला?”

“हो.”

“माह्यावर रागावून नाही गेला?”

“नाही मावशी. तुमच्यावर नाही.”

आणि ती हसली. तोंडाला पदर लावून, बोळक्या तोंडानं. “त्याचा बाप हाकले त्याले. असा बाहीर जाये, घराले चक्कर मारे आन् मांगून येऊन चुलीपाशी बसे. हाकलल्यानं जानारा नाही तो.” मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “दार आनून द्या भाऊ. येवढं करा.”

घरी आलो. शिल्पा गच्चीवर कपडे वाळत घालत होती. तिला सगळं सांगितलं, पहिल्यापासून. माफ कर हे शब्द काही माझ्या तोंडातून निघाले नाहीत, इतक्या वर्षांत कोणाला म्हटले नाहीत. करदोड्याची चावी सोडली आणि तिच्या हातात दिली. ती चावीकडे पाहत राहिली. म्हणाली, “आता हिचं काय करू बाबा? आमच्या क्वार्टरात तर कुलूपच नव्हतं.”

टोमणा होता. बरोबर होता. मी खाल्ला. ती बादली उचलून खाली गेली आणि जाता जाता म्हणाली, “टेम्पोवाल्याला उद्याचं सांगते.”

आम्ही दोघं गेलो. मावशीच्या खोलीचं लोखंडी दार काढलं. दिनेश म्हणत होता, “काका, घराले म्याचिंग नाही होऊन राहिलं,” तर शिल्पा म्हणाली, “दादा, तुम्ही फक्त तिकडून धरा.” खराब बाजू बाहेर, चांगली आत, जसं होतं तसं दार बसवलं. कडी काढून टाकली, कोयंडा काढला, भोकं बुजवली. बिजागरीत तेल टाकलं. इतकं हलकं केलं की बोटानं उघडावं.

कडी, कोयंडा आणि कुलूप माझ्याजवळ आहे. एका फळीवर ठोकून मी कितीदा तरी पाहिलं. कुलूप बंद असताना कडी निघत नाही. ओढून नाही, वाकवून नाही. एका ओळखीच्या इंजिनिअरला दाखवलं, त्यानंही हात टेकले. पत्र्याच्या आणि दाराच्या मधून कोण बोललं, मला माहीत नाही. सुधाकर जिवंत आहे की नाही हेही कोणाला माहीत नाही. तुमच्यापैकी कोणाला काही समजत असेल तर लिहा. बिजागरी सैल होती म्हणू नका फक्त, ती मी बसवली होती. आणि समजा, गंमत करणारं कोणी पोरगंच होतं. तरी दाराशी येऊन कोणी आई म्हटलं, आणि मी निघ म्हटलं. ते माझंच राहते.

त्या दिवशी निघताना सवयीनं म्हटलं, “येतो मावशी.” म्हटलं आणि जीभ चावली, तिचा पोरगाही ‘आलोच’ म्हणूनच गेला होता. ती म्हणाली, “या. अन् दार लोटून घ्या जी…”

“लावत नाही. समजलं आता.”

मी दार लोटत होतो तेव्हा आठवलं, एक गोष्ट तिला सांगायची राहिली होती. फटीतूनच म्हटलं, “मावशी, तो जातानी सायकलचं स्टँड काढल्याचा आवाज आला होता.”

मग ती म्हणाली, मला नाही, आपल्याशीच —

“म्हन्जे पंक्चर निघालं त्याचं.”